खाणीच्या मैदानावरची कुंदा घाडी

कुंदा गेल्याचं तिच्या मुलीने, नीताने फोनवर सांगितलं. सकाळची वेळ होती, मी गवार मोडत बसले होते. "मावशी, आई गेली... झोपेतच गेली." मी "बरं" म्हटलं. माणूस गेल्याचं कळल्यावर कुणी "बरं" म्हणतं का? पण माझ्या तोंडून तेच निघालं. फोन ठेवला, आणि त्यानंतर मी जे केलं ते अजून कुणाला सांगितलेलं नाही, ते इथे सांगते. दहिसरला कुंदाच्याच इमारतीत राहणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना मी फोन लावला आणि विचारलं, "अहो, कुंदाचं कळलं ते खरं का?" त्या म्हणाल्या, "तिची मुलगी खोटं कशाला सांगेल?" बरोबरच होतं, कशाला सांगेल? पण कुंदा घाडीची कुठलीही गोष्ट दुसऱ्याकडून पडताळून घ्यायची, ही सवय मला चाळीस वर्षं लागलेली होती. तिच्या मरणालाही मी तीच लावली.

घाटकोपर पश्चिमेला डोंगराच्या कुशीत आमचं मैदान आहे. फार पूर्वी तिथे दगडाची खाण होती, म्हणून आजही सगळे त्याला खाणीचं मैदान म्हणतात. खाण बंद झाली तेव्हा खाली सपाट जागा उरली आणि मागे उभा कातळ. वस्तीतल्या खाणकामगारांनी सुट्टीच्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन त्या कातळात पायऱ्या काढल्या, बसून कबड्डी बघायला. एकाखाली एक अशा नऊ लांबच लांब पायऱ्या. माझे वडील त्या कामात होते. नगरकडून पोट भरायला आलेला माणूस, आठवडाभर लांबच्या खाणीत दुसऱ्यासाठी दगड फोडायचा आणि रविवारी स्वतःच्या हौसेने तोच दगड घडवायचा. मोठ्या मैदानांचा मान आमच्या मैदानाला कधी नव्हता. राज्याच्या संघात गेलेल्या खेळाडूंचे फोटो पेपरात यायचे, ते खेळाडू त्याच्या आधी दोन-चार वर्षं आमच्या मातीत घासून निघालेले असायचे, एवढंच. गिरण्यांचे संघ यायचे, बँकांचे यायचे, आणि पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसायची.

कुंदा आमच्या दोन गल्ल्या पलीकडे राहायची. माणसं मालवणकडची, वडील कुर्ल्याच्या गिरणीत. मुलींचा संघ काढायचा ठरला तेव्हा पहिल्या दिवशी आम्ही पाचच जणी आलो होतो, त्यातल्या दोघी घरी न सांगता. कुंदा उंच, सडपातळ, आणि चढाईला गेली की तिचा "कबड्डी कबड्डी"चा दम असा एका सुरात चालायचा की समोरच्या मुली तिचा आवाजच ऐकत राहायच्या. मी उजवा कोपरा सांभाळायचे. "सुजे, तू पाय धर, बाकी मी बघतंय," असं ती मला सांगायची. चिडली किंवा खूश झाली की तिची मालवणी बाहेर पडायची. तीन वर्षं आम्ही दोघींनी एका ताटात खाल्लं म्हटलं तरी चालेल. त्या काळात आमच्या दोन घरांतून एकमेकांकडे जेवण जाणं-येणं सोपं नव्हतं. कुंदाने ते कधी विचारलंही नाही, सरळ आमच्या चुलीपाशी येऊन बसली. हे मी विसरलेले नाही. संशय घेत होते तेव्हाही विसरले नव्हते.

मग तो अंतिम सामना आला. समोर एका मोठ्या कचेरीचा संघ, सगळ्या नोकरी करणाऱ्या बायका, पायात बूट. आम्ही अनवाणी. शेवटची चढाई, दोन्हीकडे गुण सारखे. कुंदाने नुसतं रिकाम्या हाताने परत यायचं होतं, म्हणजे जादा वेळ मिळाला असता, आणि त्या बायका दमल्या होत्या. कुंदा आत गेली, फिरली, परत वळली... आणि डाव्या बाजूच्या रेषेबाहेर तिचा पाय पडला. कुणी तिला धरलं नव्हतं. कुणी तिच्याजवळही नव्हतं. पंचाची शिट्टी वाजली. मी समोरच उभी होते. तिच्या टाचेला लागलेली पांढरी फक्की मला दिसली.

दोन महिन्यांत कुंदाला नोकरी लागली. त्याच कचेरीत, त्याच संघात. वस्तीत कुणी मोठ्याने बोललं नाही, पण नळावर, मंडळात, सगळीकडे तेच चाललं होतं. माझ्या बाबतीत खरं सांगायचं तर त्या कचेरीच्या निवड-चाचणीला मीही गेले होते आणि माझं नाव यादीत आलं नव्हतं. तेव्हा माझ्या संशयात राग किती आणि हेवा किती, ते आज वेगळं करून सांगता येणार नाही. पेढे द्यायला ती आली, मी पेढा घेतला आणि तोंडात न घालता ओट्यावर ठेवला. तिने ते बघितलं. पुढे तिचं लग्न झालं, ती दहिसरला गेली. मी टेलिफोनमध्ये लागले, घाटकोपरलाच राहिले. लग्नकार्यात भेटलो तर "कशी आहेस", "बरी आहे", यापुढे गेलं नाही.

मैदानाची वाट लागली ती हळूहळू. गिरण्या गेल्या, संघ गेले, स्पर्धा थांबली. आधी मंडपवाल्याने बांबू ठेवले, मग गाड्या लागायला लागल्या, मग आजूबाजूच्या घरांच्या दुरुस्तीचा मलबा पायऱ्यांवर येऊन पडायला लागला. नऊपैकी वरच्या दोन पायऱ्या तेवढ्या दिसायच्या. खाली काही आहे हे नव्या माणसांना माहीतही नव्हतं. कबड्डी टीव्हीवर आली, रंगीत दिव्यांत आणि मॅटवर. आमचं मैदान मात्र डेब्रिजखाली.

आणि एक दिवस कुंदा माझ्या दारात. साठी उलटलेली, केस कापलेले, पायात स्पोर्ट्स शूज. ते काढायच्या आत म्हणाली, "सुजे, मैदान परत उभं करायचंय."

"कोणासाठी?" मी विचारलं.

"कोणासाठी म्हणजे? पोरींसाठी."

"तू दहिसरला राहतेस. तिकडच्या पोरी कमी पडल्या का?"

ती हसली. "तू बदलूक नाय हंss. चहा दे आधी."

चहा दिला. तिचं ऐकून घेतलं. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, हिला यातून काय मिळणार आहे? निवडणुका जवळ होत्या. मैदानाला लागून एक मोठा टॉवर उभा राहत होता. निवृत्त झालेली बाई दहिसरहून घाटकोपरला रोज उगाच येते का? तरी मी "येते" म्हणाले. तिला वाटलं जुनी मैत्रीण परत मिळाली. मी गेले ती तिच्यावर लक्ष ठेवायला.

दीड वर्ष आम्ही ते काम केलं आणि दीड वर्ष मी लक्ष ठेवलं. गाडीवाल्यांशी भांडणं ती करायची, मी ती कुणाशी जरा जास्त गोड बोलते ते बघायचे. वॉर्ड ऑफिसात ती साहेबांच्या केबिनमध्ये एकटी गेली की मी बाहेर घड्याळ बघायचे. मलबा उचलायला वस्तीतल्या बायका आल्या, त्यांना कुंदानेच आणलं होतं, घरोघर जाऊन. त्यांच्यातल्या अर्ध्या जणी माझ्या कानाशी लागून विचारायच्या, "ताई, ही बिल्डरची बाई तर नाय ना?" मी "नाही" म्हणत नव्हते. "बघू," म्हणायचे. एवढ्या एका शब्दाने माणसाचं किती नुकसान करता येतं हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

एकेक पायरी वर येत गेली. सहाव्या पायरीच्या टोकाला छिन्नीच्या खुणा लागल्या, तिरप्या, बारीक. कुंदा फडक्याने त्या पुसत होती. म्हणाली, "सुजे, हा तुझ्या बाबांचा हात. बाकीच्यांच्या खुणा सरळ आहेत, ते डावरे होते ना." मला हे सुचलं नव्हतं. माझ्या बापाचा हात मला ओळखता आला नाही, तिला आला. मी मागे वळून डोळे पुसले, आणि पुसता पुसता मनात आलं, ही मला पटवत तर नाहीये?

मग ते घडलं. मुलुंडला माझ्या नणंदेकडे गेले होते. एका ऑफिसच्या दारातून कुंदा बाहेर येताना दिसली. वर बोर्ड त्याच बिल्डरचा, ज्याचा टॉवर मैदानाला लागून होता. सोबत त्याचा माणूस, तिच्यासाठी गाडीचं दार उघडून उभा. ती बसली, गाडी गेली. मी फुटपाथवर उभी. खरं सांगू? मला वाईट वाटलं नाही. हायसं वाटलं. इतकी वर्षं मी उगाच संशयी नव्हते, असं वाटलं.

तिला मी विचारलं नाही. चार दिवसांनी मंडळाची सभा होती, चाळीसेक माणसं. मी उभी राहिले आणि जे बघितलं ते सांगितलं. वर हेही म्हणाले, "हिने एकदा आपल्याला विकलंय. जुन्या माणसांना आठवत असेल."

कुंदा जागेवरून उठली नाही. खुर्चीतूनच म्हणाली, "गेले होते त्याच्याकडे. एकदा नाही, सहा वेळा गेलेय. त्याला त्याच्या टॉवरसाठी मैदानाच्या कडेने वाट पाहिजे, त्याला मंडळाची ना-हरकत लागते. मला डोंगराच्या बाजूने दरडीची भिंत पाहिजे. पायऱ्यांच्या वरचा डोंगर सुटतोय. तुम्ही कुणी वर जाऊन बघितलंय? मी बघितलंय. महापालिका म्हणते पुढच्या वर्षी. तो म्हणतो पावसाच्या आधी. लेखी घेत होते. कागद झाला की तुमच्यासमोर ठेवणार होते."

"मग आधी का नाही सांगितलंस?" कुणीतरी ओरडलं.

"सांगितलं असतं तर आज जे चाललंय ते तेव्हा चाललं असतं."

तिचं म्हणणं खरं होतं की नाही, हे ठरवायच्या मनःस्थितीत तिथे कुणी नव्हतं. एकाने आवाज चढवला, मग सगळ्यांनी. कुंदाला मंडळाच्या मैदान-समितीतून काढायचं ठरलं. हात वर करायला सांगितले, मीही केला. ती माझ्या हाताकडेच बघत होती. मग पिशवी उचलून गेली.

बिल्डरने त्याची वाट दुसऱ्या बाजूने काढली. भिंत झाली नाही. त्या पावसाळ्यात, श्रावणात, एका दुपारी पायऱ्यांवरचा डोंगर खाली आला. मैदानात कुणी नव्हतं, माणूस वाचला. डावीकडच्या अर्ध्या पायऱ्या मातीखाली गेल्या, आणि त्यांच्यावर आलेल्या दगडांनी तीन पायऱ्या फुटल्या. त्यात सहावीही होती. मी छत्री घेऊन तिथे उभी होते. माझ्या वडिलांनी हातांनी घडवलं होतं ते मी तोंडाने पाडलं, दुसऱ्या शब्दांत मला हे सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात गेले तर कुंदा तिथे आधीच होती. दहिसरहून पहिल्या गाडीने आली असावी. गुडघ्यापर्यंत साडी खोचून माती उपसत होती, एकटी. मी तिच्याशेजारी जाऊन घमेलं धरलं. बराच वेळ आम्ही नुसती माती काढली. तिला धाप लागत होती. तिचं हृदयाचं दुखणं तेव्हाच सुरू झालेलं होतं, पण मला ते माहीत नव्हतं, आणि ती दगडावर बसली तेव्हा मी चाळीस वर्षांचा तो प्रश्न विचारला.

"कुंदे, त्या दिवशी पाय बाहेर टाकलास, तो मुद्दाम?"

तिने हातातली माती झाडली.

"नोकरीचं पत्र आदल्या आठवड्यात आलं होतं," ती म्हणाली. "सामन्याच्या आधी. मी कुणाला दाखवलं नव्हतं, बाबांनाही नाही. बाबांची गिरणी बंद होती तेव्हा. मला कुणी हरायला सांगितलं नव्हतं, सुजे. आईशप्पथ. पण चढाईला गेले आणि समोर त्या बायका, ज्यांच्याबरोबर मला उद्या बसायचंय, खेळायचंय... पाय पडला. मी टाकला की पडला, मला माहीत नाही. तू माझ्यावर संशय घेतेस ना? घे. मीपण घेतेय. एवढी वर्षं."

मला वाटलं होतं, ती हो म्हणेल किंवा नाही म्हणेल. दोन्हींची उत्तरं माझ्याकडे तयार होती. याचं नव्हतं.

"मग मैदान उभं करायचं ते म्हणून का?" मी विचारलं.

"तसं समज," ती म्हणाली, आणि उठून पुन्हा फावडं घेतलं. "नायतर तसा समजू नको. माती काढ."

तिला समितीत परत घ्यायला मी सभेत उभी राहिले, माझं चुकलं असं म्हणाले. थोड्या लोकांनी ऐकून घेतलं, थोडे हसले. बाई संशयी असली की तिचं आरोप करणं पटकन ऐकतात, मागे घेणं कुणी फार मनावर घेत नाही. काही जणांच्या डोक्यात कुंदा बिल्डरची बाई ती बिल्डरची बाईच राहिली, आणि ते बी मीच पेरलेलं होतं. दरडीची भिंत शेवटी महापालिकेने बांधली, उशिरा, पण बांधली. त्यासाठी वॉर्ड ऑफिसच्या फेऱ्या आम्ही दोघींनी मारल्या. आता मी बाहेर उभी राहून घड्याळ बघत नव्हते, आत जाऊन शेजारच्या खुर्चीत बसत होते. नऊऐवजी सहा पायऱ्या शाबूत राहिल्या. गेल्या वर्षी त्या सहांवर माणसं बसली आणि मुलींची स्पर्धा झाली. पहिल्या सामन्याची नाणेफेक कुंदाने केली. तिला व्हीलचेअरवरून आणलं होतं आणि त्यावरून ती आयोजकांशी भांडत होती, "मी काय लंगडी आहे काय रे?"

मी सगळं मिटवलं असं लिहायला मला आवडलं असतं. पण तिच्या शेवटच्या दिवसांत दहिसरला तिला बघायला गेले, तेव्हा बाहेरच्या खोलीत खुंटीला एक हेल्मेट टांगलेलं दिसलं. त्याच्यावर त्याच बिल्डरचं नाव. नीताचा नवरा त्याच्याकडे साइटवर सुपरवायझर. मी आत कुंदापाशी बसून मोसंबी सोलत होते आणि माझं मन बाहेरच्या हेल्मेटवर. जावयाला नोकरी कधी लागली? त्या सहा भेटींच्या आधी की नंतर? मी तिला विचारलं नाही. आजारी माणसाला असलं विचारायचं नाही म्हणून, आणि ती काय सांगेल याची भीती होती म्हणूनही.

तिच्या बाराव्याला मात्र राहवलं नाही. स्वयंपाकघरात नीता एकटी होती. "गं, जावईबापू कधीपासून आहेत त्या कंपनीत?"

नीताने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं. तिच्या आईसारखीच आहे ती. "मैदानाच्या आधीपासून, मावशी. यांच्याच ओळखीने आई तिथपर्यंत पोचली. आई म्हणालीच होती, सुजाता एक दिवस विचारेल. तिला सांगून टाक, तिच्यावर रागावू नको."

मी हातातला डाव ठेवून भिंतीला टेकले. कंपनीतल्या कुणाला तरी विचारून खात्री करता येईल, हा विचार आला. का नाही येणार? आला आणि तिथेच राहिला. कुणाला फोन केला नाही. करणारही नाही. निदान आजपर्यंत तरी केलेला नाही.

मैदानाच्या कोपऱ्यात आता मुलींना कपडे बदलायला एक खोली आहे. दाराला आतून कडी हवी, म्हणून कुंदा कंत्राटदाराशी आठ दिवस भांडली होती. सामन्याआधी पंच खेळाडूंची नखं बघतात, वाढलेली असली तर खेळू देत नाहीत. गेल्या वर्षीच्या स्पर्धेत पंचांपर्यंत जायच्या आत कुंदा व्हीलचेअर बाहेर ठेवून त्या खोलीत दाराशी उभी राहायची. प्रत्येक मुलीचा हात हातात घ्यायची, "जेवलीस काय गो? आई आली का बघायला?" असं काहीतरी विचारत राहायची, आणि बोलता बोलता स्वतःचा अंगठा तिच्या बोटांच्या टोकांवरून फिरवायची. मुलीला कळायचंही नाही की नखं तपासून झाली. एखादीचं वाढलेलं लागलं तर तेवढ्यापुरतं तिला बाजूला घ्यायची. मी एकदा म्हटलं, "सरळ सांग ना, हात दाखवा." तर म्हणाली, "तपासायचं तर आहेच, सुजे. पण आपल्यावर कुणाचा विश्वास नाय, असं खेळायच्या आधी पोरीला कशाला वाटूक व्हया?"

परवा स्पर्धा सुरू झाली. दाराशी मी उभी होते. पहिल्या मुलीचा हात घेतला आणि विचारलं, "जेवलीस का?" अंगठा फिरवायला लागले. मुलगी माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "काकू, नखं बघताय ना? बघा की सरळ."

मग मी सरळ बघितली. कापलेली होती.